उसनी थंडी

बहरीनमधल्या सनद भागातल्या त्या फ्लॅटमध्ये शेगडी विजेची, ओव्हन विजेचा, पाणी तापवायची टाकी विजेची आणि तीन खोल्यांतले तीन एसी तर विजेचेच. गॅसचा सिलिंडर ठेवायला इमारतीत मनाई होती. त्यामुळे महिन्याचं बिल मोबाइलवर आलं की दत्तप्रसाद राणे आधी दोन्ही डोळे मिटायचा आणि मग एकच किलकिला करून आकडा बघायचा. जूनचं बिल त्याने असंच बघितलं आणि दुसरा डोळा उघडायची त्याला हिंमतच झाली नाही.

"कितीसा इला?" विशाखाने स्वयंपाकघरातून विचारलं.

"भाड्यापेक्षा जास्त."

विशाखा कोथिंबीर निवडत बाहेर आली. दोघं कुडाळकडची, बहरीनमध्ये येऊन बरीच वर्षं झाली तरी घरात मालवणीच. "मगे आमी दोघी गावाक जातो," ती म्हणाली. "स्पृहाचा नाव कुडाळच्या शाळेत घालूया. तुमी सित्र्याक कंपनीच्या कॅम्पात रवा."

हे ती रागाने म्हणाली असती तर दत्तप्रसादला बरं वाटलं असतं. रागाचं काय, सकाळपर्यंत उतरतो. पण ती कोथिंबिरीची पिवळी पानं बाजूला काढत अगदी शांतपणे म्हणाली. आखातात असं किती घरांचं होतं ते त्याला माहीत होतं. बायकापोरं एकदा परत गेली की माणूस कॅम्पमध्ये दुमजली खाटेवर जातो आणि मुलगी व्हिडिओ कॉलवर मोठी होते.

"शाळा उघडूच्या आधीचा बिल बगूया," तो कसाबसा म्हणाला. "कमी झाला तर रवायचा. नाय तर शाळेतसून दाखलो काढूया."

"आय अ‍ॅम नॉट गोइंग एनीव्हेअर," सोफ्यावरून स्पृहा म्हणाली. ती ईसा टाउनच्या शाळेत सातवीत होती. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत यायचं.

आता दत्तप्रसाद पडला स्वप्नाळू. स्वप्नाळू माणसाने खरं तर बासरी वाजवावी, फार तर नाटकात पडदे रंगवावेत. हा बाबा सित्र्याला एका कोल्ड स्टोअरमध्ये स्टोअरकीपर झाला. बाहेर उन्हाने डांबर मऊ पडलेलं असायचं आणि हा आत जॅकेट नि कानटोपी घालून कोंबड्या आणि सुरमया मोजायचा. मोजता मोजता कुठेतरी हरवायचा. कधी त्याला वाटायचं आपण आंबोलीच्या घाटात पहाटे उभे आहोत, कधी वाटायचं ढगात बसलो आहोत. पण त्याच्या स्टॉकमध्ये कधी तूट आली नाही, हेही खरं. स्वप्न बघतानाही त्याचं मोजणं चुकायचं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला. इंग्लंडात राहणारे कोणी मराठी गृहस्थ विजेचं बिल कसं कमी करायचं ते सांगत होते. त्यांच्याही फ्लॅटमध्ये गॅस नव्हता, सगळं विजेवर. भिंतीला लागून एक जाड पेटी होती आणि पेटीत विटा. रात्री वीज स्वस्त असते तेव्हा विटा तापवून घ्यायच्या आणि दिवसभर त्या विटा घराला ऊब देत राहणार. गृहस्थ पेटीवर प्रेमाने हात ठेवून म्हणाले, "दगड काही विसरत नाही बरं का. रात्रीची ऊब दिवसभर आठवत बसतो."

दत्तप्रसादचा घास हातातच राहिला. दगड ऊब आठवतो, तर थंडी का नाही आठवणार? आणि थंडीचं म्हणाल, तर ती त्याच्याकडे गोदामभर पडली होती!

संध्याकाळी घरी परतताना त्याने ही कल्पना हाशिमच्या कानावर घातली. हाशिम मुकादम रत्नागिरीकडचा. कंपनीची मालाची व्हॅन चालवायचा आणि दत्तप्रसादच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायचा. दोघांचं जाणं-येणं एकाच व्हॅनमधून.

"म्हणजे तू कंपनीची थंडी चोरणार?" हाशिमने विचारलं.

"चोरी कसली रे? सकाळी तीन दगड आत, संध्याकाळी तेच तीन दगड बाहेर. स्टॉक टॅली!"

"आणि थंडी?"

"थंडीला आपल्याकडे आयटम कोड आहे का? सांग."

हाशिमने सिग्नल सुटेपर्यंत विचार केला. "मफी. नाहीच," तो म्हणाला.

"मग खलास!"

इमारतीच्या पार्किंगमध्ये फूटपाथच्या कामातून उरलेले सिमेंटचे दगड पडले होते. त्यातले चांगले जाडजूड तीन दगड दत्तप्रसादने वॉचमनला विचारून घेतले, धुतले, जुन्या टॉवेलांत गुंडाळले. आता कोल्ड स्टोअरचा नियम असा, की खोक्याशिवाय कुठलीही वस्तू आत जात नाही. म्हणून त्याने सुरमईचं एक रिकामं खोकं घेतलं, त्यावर मार्करने मोठा 'द' काढला आणि खोकं दाराजवळच्या फळीवर ठेवून दिलं.

पहिल्या संध्याकाळी त्याने ते दगड घरी आणून हॉलच्या तीन कोपऱ्यांत तीन ताटांत मांडले. दगडांवरून पांढरी वाफ निघत होती. दिवसभर एसी बंद ठेवायचा हुकूम तो सकाळीच देऊन गेला होता, त्यामुळे घर भट्टीसारखं तापलं होतं. "पाच मिनिटांत कसा गार होता ता बगा," असं म्हणून तो टॉवेल घेऊन आंघोळीला गेला.

दत्तप्रसादच्या आंघोळीबद्दल सांगायलाच हवं. बहरीनमध्ये उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी इतकी तापते, की निळ्या खुणेच्या नळाला चहा टाकावा असं पाणी येतं. म्हणून शहाणी माणसं हीटर बंद ठेवतात. हीटरची टाकी बाथरूमच्या सावलीत असते, तिच्यात साठलेलं पाणी हळूहळू निवतं, आणि लाल खुणेच्या नळाला गार पाणी मिळतं. दत्तप्रसाद लाल नळाखाली बादली लावायचा, एक्झॉस्ट पंखा सुरू करायचा, स्टुलावर बसायचा आणि डोळे मिटून तांब्या तांब्या पाणी ओतत खड्या आवाजात भजन म्हणायचा. तिसऱ्या तांब्याला बाथरूमच्या लाद्या नाहीशा व्हायच्या. तो गावच्या घरामागच्या व्हाळात बसलेला असायचा, पाण्यावर भेडल्या माडाची सावली हलत असायची, आणि पायाला बारके मासे गुदगुल्या करत असायचे. तिथून परत यायला अर्धा-पाऊण तास सहज लागायचा.

तो अंग पुसत बाहेर आला आणि दारातच थबकला. हॉल चक्क गार झाला होता.

"बगलंस?" तो कुजबुजला. मोठ्याने बोललो तर थंडी उडून जाईल अशी त्याला भीती वाटली.

"बगलंय," विशाखा म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

"पापा, यू आर अ जीनियस," असं म्हणून स्पृहाने तोंड उशीत खुपसलं. मुलीला वडिलांचा अभिमान वाटतो आहे हे बघून दत्तप्रसादला भरून आलं.

त्या दिवसापासून घराचा कारभारच बदलला. दिवसा एसी बंद. दुपारी विशाखा आणि स्पृहा खाली हाशिमच्या बायकोकडे, महमुदाकडे जाऊन बसायच्या. तिच्याकडे एसी तसाही चालूच असायचा आणि तिला सोबत हवीच असायची. संध्याकाळी दगड. रात्री झोपायला तिघं एका खोलीत आणि तिथला एक एसी, कारण दत्तप्रसादच्या मते दगड रात्रपाळी करत नाहीत. आणि विशाखा तर पार बदलून गेली. पूर्वी "किती वेळ ती आंघोळ!" म्हणून दार बडवणारी बाई, आता तो आला की टॉवेल हातात देऊन म्हणायची, "जावा, पयली आंघोळ करून घेवा. सावकाश. घाई कित्याक?" लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको अशी वागायला लागली, की माणूस एक तर घाबरतो नाही तर सुखावतो. दत्तप्रसाद सुखावला.

गॅलरीत हॉलच्या एसीच्या पाण्याच्या नळीखाली एक बादली होती. ती रोज थोडीथोडी भरायची आणि विशाखा ते पाणी तुळशीला घालायची. "ह्या पाणी खयसून येता?" असं त्याने एकदा विचारलं. विशाखा काही बोलायच्या आत त्यानेच उत्तर शोधलं, "दगडांचा बाष्प असतला." तुळस जोरात वाढली होती. त्याने तिला नमस्कार केला.

एकच गोष्ट आड येत होती. सुरमईच्या खोक्यात राहून राहून दगडांना वास लागला होता. आणि अशात श्रावण लागला! विशाखाचा श्रावण कडक. घरात मासळीचं नाव निघायचं नाही. पण संध्याकाळी दगडांची थंडी जरा उतरली, की सगळ्या जिन्यात सुरमईचा घमघमाट सुटायचा. इमारतीतलं पिवळं मांजर त्यांच्या पायपुसण्यावर मुक्कामाला आलं.

"विशाखा, आज सुरमई केलीस वाटतं?" महमुदाने विचारलं.

"नाय गो, दुधीची भाजी."

"श्रावण आहे ना गं तुझा?"

"म्हणानच दुधीची भाजी!"

महमुदाने डोळे बारीक केले. दुधीच्या भाजीला असा वास आणणारी सुगरण तिने कधी पाहिली नव्हती. पण शेजारधर्म म्हणून ती गप्प बसली.

आणि मग विशाखाने सत्यनारायण घालायचं ठरवलं. "जावचाच लागला तर पूजा करून तरी जाऊया," ती म्हणाली. हे ऐकून दत्तप्रसाद खोलीत गेला आणि उगाच कपाट आवरत बसला. बिल यायला थोडेच दिवस उरले होते, आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात तिने दोन रिकाम्या बॅगा पुसून ठेवल्या होत्या.

पूजा शुक्रवारी ठरली. पोथी वाचायला रावजीकाका येणार होते. काका रिफायनरीतले जुने फिटर. पण सुट्टीच्या दिवशी सोवळं नेसले की त्यांच्यापुढे चार शब्द जास्त बोलायची कोणाची टाप नव्हती.

"आजच्या दिवस एसी लावूया," विशाखा म्हणाली. "इतकी माणसा येतली, समयी असतत, वर शिऱ्याची शेगडी."

"आज?" दत्तप्रसाद दुखावला. "आजच तर सगळ्यांका दाखवूचा असा!" कारण ईसा टाउनच्या बाजारात आणि इमारतीच्या जिन्यात तो भेटेल त्याला सांगून चुकला होता, की आमच्याकडे एसीशिवाय थंडी असते, बघायला या.

"मगे तो वासाचो खोको तरी नको. देवाच्या म्होरे नवो कोरो खोको हाडा."

इथेच सगळं घडलं. बायकोचं म्हणणं रास्त होतं. गुरुवारी दत्तप्रसादने दगड नव्या टॉवेलांत गुंडाळून नव्याकोऱ्या खोक्यात घातले आणि वर नवी चिकटपट्टी मारली. 'द' काढायचं मात्र राहून गेलं, कारण तेवढ्यात त्याला पूजेच्या वेळचं एक दृश्य दिसायला लागलं होतं. खोकं उघडलं आहे, त्यातून धुकं निघालं आहे, ते देवाच्या पाटाभोवती फिरतं आहे, आणि विशाखा हात जोडून म्हणते आहे, आता खय जावचा? शेजारच्या फळीवर ईसा टाउनच्या एका मेजवानीसाठी काढून ठेवलेलं सुरमईचं खोकं होतं. तेही तसंच नवंकोरं. शुक्रवारी त्याचा उपास होता, मासळीला हात लावायचा नव्हता, म्हणून त्याने हाशिमलाच सांगितलं, "माझं खोकं घरी टाक आणि मग तुझं ईसा टाउनला ने."

हाशिमने फळीवरून दोन खोकी उचलली. एक सनदला टाकलं, एक ईसा टाउनला नेलं. त्याची काही चूक नव्हती. दोन्ही जड होती.

पूजेला हॉल गच्च भरला. समया पेटल्या, शेगडीवर शिरा परतला जात होता, आणि एसी बंद. देवाच्या पाटामागे विशाखाची जुनी जरीची साडी पांघरून खोकं ठेवलं होतं. पहिला अध्याय संपेपर्यंत बायकांचे पदर पंखे झाले. रावजीकाकांच्या नाकावरून घामाचा थेंब पोथीवर पडला आणि पान पानाला चिकटलं.

"जरा तोंड धुवन येवा," विशाखा दत्तप्रसादच्या कानाशी म्हणाली.

"पूजेवरसून उठूचा नसता."

"मगे पाय तरी धुवन येवा."

"बसान रव गो!"

बिचारी पुन्हा पुन्हा सांगत होती आणि हा पाटावरून हलत नव्हता. शेवटी रावजीकाकांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "दत्तप्रसाद, एसी बिघडलाय काय तुझा?"

हीच ती वेळ. "नाही काका," तो हसून म्हणाला. "आता बघाच." आणि त्याने स्पृहाला खूण केली.

स्पृहाने साडी बाजूला केली, कात्रीने चिकटपट्टी कापली आणि खोकं उघडलं. आणि खरंच धुकं निघालं हो! पांढरंशुभ्र धुकं खोक्याच्या कडेवरून उतरलं, पाटाखालून आलं, समईच्या पायाशी घुटमळलं. बायका "अगोबाई!" म्हणाल्या. दत्तप्रसादच्या डोळ्यांत पाणी आलं. अगदी हेच, असंच त्याने पाहिलं होतं. त्याने विशाखाकडे बघितलं. ती हात जोडून नव्हती, पण तोंडाला हात लावून होती, आणि तेही त्याला चाललं असतं.

मग धुकं विरळ झालं आणि त्यातून एक वाटोळा डोळा देवाकडे बघायला लागला.

"पापा," स्पृहा म्हणाली, "युअर स्टोन हॅज अ फेस."

रावजीकाकांनी पोथी मिटली. हॉलमध्ये असा सन्नाटा पडला, की शेगडीवरचा शिरा करपायला लागल्याचं ऐकू आलं. श्रावणात, सत्यनारायणासमोर, हातभर लांबीची सुरमई! आणि एकटी नव्हती, खाली तिच्या बहिणीही होत्या. दारातल्या पिवळ्या मांजराने इतके दिवस धीर धरला होता. त्याने बायकांच्या मांडीवरून सरळ देवाकडे झेप घेतली.

विशाखाचा चेहरा पांढरा पडला. उद्या साऱ्या बहरीनभर होणार, राण्यांच्या घरात श्रावणात मासे. ती रडणार एवढ्यात प्रसादाला आलेली महमुदा दाराजवळून उठली. तिने एका हाताने मांजर धरलं, दुसऱ्या हाताने खोक्यावर साडी ओढली आणि ठणकावून म्हणाली, "माफ करा हां सगळ्यांनी. हा माल माझा आहे. माझा फ्रीजर भरला म्हणून मीच इथे ठेवायला दिला होता. विशाखाला तर आत काय आहे तेही ठाऊक नाही." आणि ते अवजड खोकं कमरेवर घेऊन ती जिना उतरून गेली सुद्धा. विशाखा तिच्या पाठीकडे बघतच राहिली.

तेवढ्यात दत्तप्रसादचा मोबाइल वाजला. तो सोवळ्यातच जिन्यात पळाला.

"दत्ता," हाशिम म्हणाला, "तुझे दगड ईसा टाउनला पोचले."

"काय?"

"आचारी सुरी घेऊन उभा आहे. म्हणतो, ही कुठली मासळी? कल्ले कुठे हिचे? त्याने आपल्या स्टोअरच्या मॅडमना फोन लावलाय."

"यल्ला, लगेच मागे ये! सुरमई महमुदाभाभींकडे आहे!"

हाशिम आला, सुरमई घेऊन गेला, मेजवानी पार पडली. पण मॅडमपर्यंत गोष्ट गेली ती गेलीच. दत्तप्रसाद जिन्यातच मटकन बसला. नोकरी गेली तर व्हिसा जातो, आणि व्हिसा गेला की बिल कमी येवो की जास्त, सगळेच घरी. बऱ्याच वेळाने तो मान खाली घालून वर आला आणि दारातच थांबला.

हॉल गार होता. रावजीकाका शांतपणे तिसरा अध्याय वाचत होते, बायकांचे पदर खांद्यावर गेले होते, शिरा नवा टाकला होता.

"देवाची कृपा," रावजीकाका म्हणाले. "बस."

दत्तप्रसाद बसला. दगड तर ईसा टाउनला, मग ही थंडी कुठली? विचार करून करून त्याला उत्तर सापडलं. महिनाभर दगड मांडले होते, भिंतींनीही थोडी साठवली असणार. त्याने भिंतीला हळूच हात लावला.

शनिवारी सकाळी अरीबामॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. अरीबामॅडम म्हणजे कोल्ड स्टोअरच्या मॅनेजर. मूळ घराणं रायगडचं, पण जन्म बहरीनचा. त्यांच्या टेबलावर टॉवेल पसरून तीन दगड ठेवले होते.

"दत्ता, ये क्या है?"

"थंडी, मॅडम."

मॅडमनी चष्मा काढला. दत्तप्रसादने मग पहिल्यापासून सगळं सांगितलं. इंग्लंडचे गृहस्थ, विटांची पेटी, बिल, विशाखा, दाखला. शेवटी घसा खाकरून म्हणाला, "जितना पत्थर लाया, उतना ले गया. शॉर्टेज मफी."

मॅडमनी एका दगडाला बोट लावलं. तो केव्हाच कोमट झाला होता. त्यांनी दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "बिल कम आता है?"

"इस महिने का अभी आएगा. इंशाल्ला."

"आने दो. कम आया तो मुझे बताओ, मेरे घर में भी यही रोना है. नहीं आया तो वॉर्निंग लेटर. और ये पत्थर आज के बाद अंदर नहीं आएंगे."

वॉर्निंग लेटर म्हणजे व्हिसाच्या रिन्यूअलला खोडा. आता सगळंच त्या एका बिलावर येऊन बसलं. आणि ते त्याच संध्याकाळी आलं.

तिघं सोफ्यावर बसली. दत्तप्रसादने डोळे मिटले. एक उघडला. मग दुसरा आपोआप उघडला. त्याने मोबाइल विशाखाच्या हातात दिला. बिल निम्म्याच्याही खाली आलं होतं.

"दगड!" तो ओरडला. "माझे दगड ते!" त्याने स्पृहाला उचलायचा प्रयत्न केला, ती आता उचलण्याएवढी राहिली नव्हती, म्हणून उशी उचलून नाचला. "रवलात तुमी! खय जावक नको! थांब, मॅडमका फोन करतंय. त्येंच्या घराक पण दगड बसवया!"

"अहो, फोन करू नकात," विशाखा घाईने म्हणाली.

"कित्याक?"

विशाखा पदराशी चाळा करत बसली. शेवटी स्पृहाला राहवलं नाही. "पापा, इट वॉज द एसी. मम्मी पुट इट ऑन एव्हरी टाइम यू वेण्ट फॉर युअर बाथ."

दत्तप्रसादच्या हातातली उशी खाली आली. तो विशाखाकडे बघत राहिला. आंघोळीचा टॉवेल, सावकाश जावा, गॅलरीतली बादली, तुळस. सगळं एकामागून एक त्याच्या डोळ्यांपुढून गेलं.

"पयल्या दिवशी तुमी दगड मांडून आंघोळीक गेलात," विशाखा म्हणाली. "मी दगडाजवळ हात धरलंय. हाताक सुद्धा गारवो लागलो नाय. तुमी भायर येतलात आणि एवढासा तोंड करतलात, ता माका बगूक जमला नसता. म्हणान एसी लावलंय. तुमची चाहूल लागली तसो बंद केलंय. दुसऱ्या दिवशी परत लावलंय. पूजेक तुमी जिन्यात गेलात तेव्हाय लावलंय. मगे सोडूचा कसा?"

"आणि दिवसा?"

"दिवसा कसो लावतलंय? बिल वाढला असता नि तुमचे दगड खोटे पडले असते." ती थांबली. मग तिचा आवाज एकदम ओला झाला. "आणि बिल वाढला असता तर जावचा लागला असता. माका जावचा नाय होता हो. एकदा तोंडातसून गेला नि मगे माघार घेवक येयना."

आपली थंडी खोटी निघाली याचं दुःख करावं, की ही बाई जाणार नव्हती याचा आनंद, हेच त्याला कळेना. शेवटी आनंदच मोठा निघाला. तो तिच्या शेजारी बसला. मग त्याच्यातला स्टोअरकीपर जागा झाला.

"म्हणजे बिल माझ्या आंघोळीन कमी झाला!"

"टेक्निकली, पापा," स्पृहा म्हणाली, "शॉर्टर बाथ, स्मॉलर बिल."

फोन तर करायलाच हवा होता. तो उभा राहून, सरळ होऊन म्हणाला, "मॅडम, बिल कम आया. लेकिन पत्थर से नहीं. एसी सिर्फ मेरे नहाने के टाइम चालू रहता था." मग अरीबामॅडम म्हणाल्या, "दत्ता, आप कल छुट्टी ले लो." वॉर्निंग लेटरचा विषय मात्र पुन्हा निघाला नाही.

विशाखाने कपाटातल्या बॅगा खाली काढल्या, त्यात हिवाळ्याच्या रजया भरल्या आणि परत वर टाकल्या. दगड दत्तप्रसादने पार्किंगमध्ये नेऊन ठेवले. पिवळं मांजर त्यांच्यावर जाऊन बसलं.

सुट्टी संपवून तो कामावर गेला आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी आला. घर नेहमीसारखं तापलेलं. विशाखाने टॉवेल पुढे केला. "जावा. आंघोळ करून घेवा," ती म्हणाली, आणि दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

तो आत गेला. लाल नळाखाली बादली लावली, स्टुलावर बसला. आज त्याने पंखा लावला नाही, भजनही म्हटलं नाही. पहिला तांब्या ओतायच्या आधी कान देऊन बसला. बाहेरून एसी सुरू झाल्याचा बारीकसा आवाज आला, टिंग. तो हसला आणि डोळे मिटून पाणी ओतायला लागला. व्हाळ आला, माडाची सावली आली, मासे आले. आज पहिल्यांदाच पलीकडच्या काठावर विशाखाही पाय पाण्यात सोडून बसलेली दिसली. मग त्याला मुलीचं बोलणं आठवलं आणि तो घाईघाईने अंग पुसायला उठला.

"झाला काय?" विशाखाने बाहेरून विचारलं.

"झाला," तो म्हणाला. "भायर गार झाला काय?"

बाहेर ती एसीखाली हात धरून बघत असावी. मग विशाखा म्हणाली, "आणखी दोन तांबे घेवा."